चौसष्टावे घर

आमच्या खळ्यावर मोजणी ‘एक’पासून होत नाही. अण्णा पहिली पायली ओततात आणि म्हणतात, “लाभ.” मग दोन, तीन. शाळेची पायरी न चढलेल्या या माणसाची मोजणी चुकलेली मी पाहिलेली नाही. म्हणूनच दिवाळीच्या सुट्टीत, बाजरी मोजून झाल्यावर, कॉलेजच्या ग्रंथालयात वाचलेली बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट मी त्यांना सांगितली. पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी चौसष्ट घरे भरून द्या, असे एकाने राजाकडे मागितले. राजा हसला. अण्णाही हसले. “पोतंभर व्हतील की!”

बेरीज होते १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त नावे परार्धापर्यंत आहेत, म्हणजे एकावर सतरा शून्ये. इथे तसे १८४ परार्ध भरून वर उरतात! हजार दाणे ४० ग्रॅम धरले, तर सुमारे ७४ हजार कोटी टन गहू. आज सारे जग वर्षाला साधारण ८० कोटी टन पिकवते. म्हणजे नऊशेहून अधिक वर्षांचे पीक.

त्यासाठी चौसष्ट ओळींची बेरीज मात्र करावी लागत नाही. प्रत्येक घरात आधीच्या सर्व घरांपेक्षा एकच दाणा जास्त असतो. म्हणून पासष्टावे घर कल्पून त्यातला एक दाणा उचलायचा. (दहावीला गणितात मला काठावरचे गुण होते, हेही सांगून टाकते.) खरी गंमत या ‘वजा एक’मध्येच आहे. शाळेत घोकलेले सूत्र, अ वर्ग वजा एक म्हणजे (अ − १)(अ + १), पुन्हा पुन्हा लावत गेले, की ही संख्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७ यांचा गुणाकार म्हणून उलगडते. अशा घडणीच्या सगळ्या संख्या मूळ असाव्यात, असे फर्माला वाटे. १७३२ मध्ये ऑयलरने शेवटचीला ६४१ ने भाग घालवून दाखवला. दुसरा अवयव ६७००४१७. मी तो गुणाकार वहीत तीनदा केला, तेव्हा कुठे विश्वास बसला.

आई चुलीपासून म्हणाली, “आपल्या पाच जणांत सारखं वाटता येतंय का त्ये?” येते. शेवटी पाच आहे.

अण्णा मात्र गप्प झाले होते. मग हळूच म्हणाले, “आपल्या पैशाचंबी असंच व्हतंय का गं?”

गेल्या दिवाळीत माझ्या मेससाठी त्यांनी गावातल्या एकाकडून दहा हजार घेतले होते. महिन्याला शेकडा सहा, व्याजावर व्याज. मी वहीचे पान उलटून मांडले. बारा महिन्यांत २०,१२२. म्हणजे आम्ही दुसऱ्या घरात आलो होतो. असेच चालले तर पाच वर्षांनी सहावे घर, बत्तीस पट. तीन लाख वीस हजारांच्या वर. पुढची घरे मी मांडली नाहीत.

मंगळवारच्या बाजाराला अण्णा कालवड घेऊन गेले आणि तिचे दावे खांद्यावर टाकून परत आले. त्याच संध्याकाळी वीस हजार देऊन झाले. वरचे एकशे बावीस आईने डाळीच्या डब्यातून काढले.

मी निघाले त्या सकाळी अण्णा बियाण्याची बाजरी वेगळी काढत होते. “लाभ” ऐकू आले. दोन म्हणेपर्यंत एसटी आली.