ब्रेक, काठी आणि तोल

घरातील एखाद्या तरुणाने आपल्या सायकलीचे ब्रेक स्वतःच्या हाताने काढून ठेवले, तर वडीलधाऱ्यांच्या काळजात धस्स होणे स्वाभाविक आहे. मध्यंतरी रक्तदाब तपासून घ्यायला आलेल्या एका आजोबांनी हीच तक्रार माझ्यापुढे मांडली. नातू सोबत होता. त्याने सांगितले त्यातून, आणि नंतर मी स्वतः कुतूहलाने जे वाचले व पाहिले त्यातून, मला आपल्यासाठी काही वेचावेसे वाटते.

या खेळाला फ्लॅटलँड बीएमएक्स म्हणतात. त्याचा जन्म अमेरिकेत, १९७०च्या दशकाच्या अखेरीस झाला. बॉब हॅरो हे त्याच्या आद्य खेळाडूंपैकी एक. सपाट जमीन, २० इंची चाके, आणि चाकांच्या आसांवर पाय ठेवण्यासाठी बसवलेल्या धातूच्या खुंट्या, एवढाच संसार. खेळाडू एका चाकावर सायकल तोलतो, तिच्याभोवती फिरतो, तिला स्वतःभोवती फिरवतो. सुरुवातीच्या अनेक कसरती ब्रेकच्या आधारे होत: ब्रेक दाबून चाक अडवायचे आणि त्या स्थिर आधारावर तोल सांभाळायचा. १९८०च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील केव्हिन जोन्स या खेळाडूने चाक फिरते ठेवून करायच्या कसरतींना मोठी चालना दिली. टायरला पायाचा तळवा घासून वेग वाढवायचा वा आवरायचा. पुढे काहींनी ब्रेकच काढून टाकले. आजही दोन्ही पद्धतींचे खेळाडू आहेत, आणि ब्रेक लावणाऱ्याला कोणी कमी लेखू नये, कारण त्याच्या कसरतींची जातच वेगळी असते.

आजोबांना मी इतकेच म्हणालो, की मोकळ्या मैदानात, हेल्मेट घालून, संथ गतीने हा सराव चालत असेल तर त्यामागे विचार आहे. मात्र रस्त्यावर न्यायच्या सायकलीला दोन्ही ब्रेक हवेतच. तेथे तडजोड नाही. नातवाने ते मान्य केले.

आता आपल्याविषयी. तोल सांभाळण्यासाठी शरीर तीन ठिकाणांहून वार्ता घेते: डोळे, अंतःकर्ण, आणि तळव्यांतील व सांध्यांतील संवेदना. वयानुसार तिन्ही मंदावतात; मधुमेहात तळव्यांची जाणीव विशेष कमी होऊ शकते. अशा वेळी काठी हा आपला ब्रेक असतो. तरीही 'लोक काय म्हणतील' म्हणून काठी कोपऱ्यात ठेवणारे अनेक जण मला भेटतात. एका पडण्याने खुब्याचे हाड मोडते आणि चालते-फिरते माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळते. त्यापुढे संकोचाची किंमत ती काय?

शुश्रूषा करणाऱ्यांनाही एक विनंती. प्रेमापोटी आपण आईचा दंड सतत धरून ठेवता, उठूच देत नाही. न वापरलेले स्नायू क्षीण होतात आणि तोल आणखी ढळतो. आधार जवळ असावा, पण पावले त्यांची त्यांना टाकू द्यावीत.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. सरळ उभे राहून हात सैल सोडला असता मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी, म्हणजे कोपर किंचित वाकते. टोकाचे रबर झिजले की बदलावे. तोलाचा सराव करायचा तर स्वयंपाकघरातील ओट्याला दोन्ही हातांनी धरून एक पाय किंचित उचलावा, मनात दहा अंक मोजावे, मग दुसरा पाय. सवय झाल्यावर एक हात सोडावा. पुढे केवळ बोटे टेकलेली ठेवावीत. भोवळ येत असेल, अलीकडे पडला असाल किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावे; कधी कधी कारण चालू असलेल्या औषधांतच सापडते.

आरंभी काही दिवस घरातील कोणीतरी हाताच्या अंतरावर उभे असू द्यावे. त्याने धरायचे नाही, फक्त लक्ष ठेवायचे.