गंडकीच्या काठाने

देशाचा विस्तार नकाशावरून मोजण्याची आपली सवय नेपाळच्या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाही. क्षेत्रफळाने हा देश महाराष्ट्राच्या निम्माही भरत नाही. दक्षिणोत्तर रुंदी सरासरी दोनशे किलोमीटरांच्या आतच. बेळगावाहून कराडला जावे, तितकीच म्हणा ना. पण तेवढ्या अंतरात तराईची भूमी समुद्रसपाटीपासून शंभर मीटरांच्याही खालून उठते, ती ८,८४८ मीटरांच्या सगरमाथ्याला जाऊन भिडते. असा देश पाहावयाचा तर एखादी नदी धरून वर चढत जावे. गेल्या आश्विनात मी गंडकी धरली.

गंडकीच का, हे सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या घराची वाटणी झाली. जमीन, घर, भांडीकुंडी ह्यांचे दोन भाग झाले. देवघरातील शाळिग्रामाचे होणे शक्य नव्हते. घरचा देव ही वाटून घेण्याची मालमत्ता नव्हे, हे हिंदू कायद्याचे तत्त्व मी कित्येक पक्षकारांस समजावून सांगितले आहे. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली त्याही पुढे जाऊन म्हटले की, देवाला कोठे ठेवावयाचे ह्या प्रश्नात खुद्द देवाची बाजू स्वतंत्रपणे मांडली गेली पाहिजे. आमच्याकडे तितका वाद झाला नाही. रीतीप्रमाणे शाळिग्राम थोरल्या बंधूंकडे गेला. कायदा पाळला गेला. परंतु माझ्या देवघरातील रिकामी जागा आईला रोज दिसत असे. मी निघालो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "विकत घेऊ नकोस हो. शाळिग्रामाचे मोल करीत नाहीत. नदीने दिला तर आण."

गोरखपूरहून सुनौलीची सीमा ओलांडून आम्ही चितवनास पोहोचलो. येथे गंडकीला नारायणी म्हणतात. देवघाटावर काळी गंडकी आणि त्रिशूली एकत्र आल्यावर तिला हे नाव मिळते. हवा आपल्याकडच्या ऑक्टोबरसारखीच उबदार व दमट. सालाची उंच झाडे, आणि हत्ती बुडेल एवढे गवत. त्या गवतातून पहाटेच्या धुक्यात एक गेंडा बाहेर आला आणि आमच्याकडे ढुंकूनही न पाहता पाण्यात उतरला. १९६० नंतरच्या दशकात येथे शंभराच्या आसपासच गेंडे उरले होते. १९७३ साली राष्ट्रीय उद्यान झाले, पहारे बसले, आणि २०२१ च्या गणनेत देशातील ७५२ गेंड्यांपैकी ६९४ एकट्या चितवनात भरले. वाळूच्या बेटावर सुसरी पहुडल्या होत्या. त्यांच्या लांब, बारीक मुखाला अनुसरून मूर्तिकाराने गंगेचे वाहन घडविले असावे काय, असा एक विचार मनात येऊन गेला. असो.

पोखरा सोडल्यावर जे पाहिले, ते सह्याद्रीच्या माणसास नवीन असूनही ओळखीचे वाटावे असे आहे. आंबोलीत कोसळणारा पाऊस गोकाकपर्यंत पोहोचता पोहोचता आटून जातो, हे आपण जाणतोच. पोखराजवळच्या लुमल्यास वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत साठ किलोमीटरही दूर नसलेल्या जोमसोमला तीनशेही पडत नाही. मधली भिंत मात्र आपल्या घाटासारखी हजार मीटरांची नव्हे. एका बाजूस ८,०९१ मीटरांची अन्नपूर्णा, दुसरीकडे ८,१६७ मीटरांचा धवलगिरी, आणि दोहोंच्या मधून ही नदी. भूशास्त्रज्ञ म्हणतात, नदी पर्वतांहून जुनी आहे. पर्वत उठत गेले आणि ती त्यांना कापीत राहिली.

सकाळी भाताची खाचरे व केळी पाहिली होती. संध्याकाळी मार्फ्याला सफरचंदांच्या बागा, आणि त्यापलीकडे गवताची काडी नाही. उघड्या तांबूस डोंगरांवर नीलमेंढ्यांचा एक कळप मात्र दिसला. हिमबिबट्याही ह्याच मुलखात वावरतो. त्याने आम्हांस दर्शन दिले नाही. दुपार होऊ लागली की दरीतून वारा असा सुटतो की उभे राहणे कठीण. वरचे तिबेटचे पठार उन्हाने तापते आणि खालची हवा ह्या अरुंद खिंडीतून ओढून घेते. म्हणूनच जोमसोमची विमाने सकाळीच ये-जा करतात. एका सकाळी आकाशात करकोच्यांची रांग पाहिली. हिमालय ओलांडून हिंदुस्थानात हिवाळा काढावयास निघालेली.

कागबेनीपाशी पात्र रुंद होते. तेथे मी दोन दिवस, वारा सुटण्यापूर्वी, काळ्या गोट्यांतून हिंडलो. वाटेवर शाळिग्राम विकावयास मांडलेले होते, सुबकही होते. पण आईचा शब्द होता. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या कडेला अर्धा फुटलेला एक गोटा हाती आला. आत वळ्यावळ्यांचे चक्र होते. हा अमोनाइट नावाच्या सागरी जीवाचा अवशेष, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा. हिमालय उठण्यापूर्वी येथे टेथिस समुद्र होता; त्याचा तळ पर्वतासंगे वर आला. आपल्या पुराणपरंपरेत वज्रकीट नावाचा किडा शिळा पोखरून चक्रे कोरतो. शास्त्र आणि पुराण दोघांसही त्या दगडात प्राणीच दिसला, ही गोष्ट मला मोठी लक्षणीय वाटते.

पुढे मुक्तिनाथी, सुमारे ३,७०० मीटरांवर, एकशे आठ गोमुखांखालून धावत जाताना प्राण कंठाशी आले. बौद्ध भिक्षुणी त्या देवालयाची सेवा करतात; ज्या मूर्तीला आपण विष्णू म्हणतो, तिला ते अवलोकितेश्वर म्हणून पूजितात. कोणी कोणावर दावा लावलेला नाही.

घरी आल्यावर गोटा फुटका आहे हे मी भीत भीतच सांगितले. आई म्हणाली, शाळिग्रामाला भंगाचा दोष नसतो. त्याला प्राणप्रतिष्ठाही लागत नाही. मग अमोनाइट म्हणजे माकळीच्या दूरच्या कुळातला, हेही सांगून टाकले. ती थोडा वेळ त्या वळ्यांवरून बोट फिरवीत राहिली. "समुद्रातलाच ना? मग शेषशायी आणखी कोठे असतो?"

कार्तिकात तुळशीच्या लग्नास थोरले बंधू व वहिनी आली, वाटणीनंतर प्रथमच. अंतरपाट बंधूंनीच धरला.