होडीचे कागद

सांताक्रूझहून समुद्राकडे निघालं की जुहूचा कोळीवाडा लागतो आणि थोडं दक्षिणेला खारदांडा. इथल्या लहान होड्या एके काळी शिडावर आणि वल्ह्यावर चालत. आता बहुतेकींना यंत्र बसलं आहे. पण मालकाची दमछाक हल्ली समुद्रापेक्षा कागदांपायी जास्त होते.

1958च्या मर्चंट शिपिंग कायद्यात शिडाच्या नौकेची व्याख्या करताना वल्ह्याची होडी आणि डोंगीही तिच्यात धरली होती. हौसेच्या नौका मात्र वगळल्या होत्या. मला हे फार बोलकं वाटतं. पोटासाठी पाण्यात उतरणारी डोंगी कायद्याच्या नजरेत आधी भरली. पुढे 1981चा राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. म्हणजे होडीची नोंदणी वेगळी, मासेमारीचा परवाना वेगळा, आणि परवान्याचं नूतनीकरण मागे लागलेलंच.

26 नोव्हेंबर 2008च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर हे सगळं कडक झालं. देशभर एकसारखी नोंदणी, राज्यवार रंग, कोळ्यांना ओळखपत्रं. सुरक्षेची गरज खरीच आहे. पण हल्लेखोरांनी पळवलेली ‘कुबेर’ ही पोरबंदरची, आपल्याच देशातली मासेमारी नौका होती. ते रबरी होडीतून मच्छीमार नगरला उतरले, तेव्हा ‘कोण तुम्ही?’ असं त्यांना हटकलं ते किनाऱ्यावरच्या वस्तीतल्या माणसांनी. किनाऱ्याची पहिली राखण हीच माणसं करतात, आणि स्वतःची ओळख पटवण्यासाठी खेटेही त्यांनाच घालावे लागतात.

नोंदणीसाठी होडीचं बिल मागितलं, तेव्हा ओळखीच्या एका होडीमालकानं विचारलेला प्रश्न माझ्या मनातून जात नाही. ‘बाबानं सुताराकडून बांधून घेतली. तो सुतारही गेला. आता बिल कुठनं आणू?’ होडी बापाच्या नावावर, वारस तिघे भाऊ, त्यातला एक नोकरीनिमित्त बाहेरगावी. मग प्रतिज्ञापत्र, संमतिपत्र, मच्छीमार सोसायटीचा दाखला, होडीचे फोटो. प्रत्येक फेरीला एक दिवसाची मासळी बुडते. मोठ्या ट्रॉलरवाल्याला हे करायला माणूस ठेवता येतो. याच्याकडे दुसरा हात नाही.

तरीही कागद नकोत असं मी म्हणणार नाही. मे 2021मध्ये तौक्ते वादळानं किनाऱ्यावरच्या होड्या फोडल्या, तेव्हा भरपाईसाठी नोंदणीचाच आधार होता. डिझेलवरच्या कराचा परतावाही त्याशिवाय मिळत नाही. म्हणून तर लहान होडीला कागद सहज मिळायला हवा.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वाळूवर ओढलेल्या असतात, माणसं घरी असतात. मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांनी त्या दिवसांत कोळीवाड्यात यावं, टेप लावून होडी मोजावी, बिल नसेल तिथे सोसायटीची आणि वाड्यातल्या दोन जाणत्यांची साक्ष धरावी, आणि दाखला तिथेच हातात द्यावा.