सुवर्णपदक आणि माझी पसंती

१९५३ सालच्या चित्रपटांपैकी सर्वाधिक प्रिय कोणता, असे विचारले तर मराठी माणसाचे उत्तर बहुधा ठरलेले असते. भारत सरकारने चित्रपटांना पारितोषिके देण्यास १९५४ मध्ये प्रारंभ केला आणि पहिलेच राष्ट्रपती सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्तेच्या प्रशस्तिपत्रावर समाधान मानावे लागले. त्याच वर्षी मुंबईत फिल्मफेअरची पहिली पारितोषिके दिली गेली, तेथे मात्र सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन हे दोन्ही मान ‘दो बिघा जमीन’कडे गेले. अर्थात फिल्मफेअरचा विचार हिंदी चित्रपटांपुरता होता; या दोघांची समोरासमोर गाठ पडली ती सरकारी निकालातच.

तो निकाल मला माझ्यापुरता फिरवावासा वाटतो. माझ्या यादीत ‘दो बिघा जमीन’ पहिला आहे. हे लिहिताना संकोच होतो, कारण आमच्या घरी ‘श्यामची आई’ हा केवळ चित्रपट नव्हता. माझी आई तो पाहताना पदर डोळ्यांना लावून बसे आणि आम्ही भावंडे पडद्याऐवजी तिच्याकडेच पाहत असू. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले ते पुस्तक तर त्याआधीच कानांवरून गेलेले होते. अशा कलाकृतीविषयी स्वतःचे मत बनवणे अवघड जाते. आपल्या डोळ्यांतले पाणी आपले किती आणि घरातून वारशाने आलेले किती, हे लवकर कळत नाही.

दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहा, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येईल. दोन्ही कथा कर्जाच्या आहेत. कोकणातले एकेकाळचे खाऊनपिऊन सुखी घर कर्जात बुडत जाते आणि त्या पडझडीत एक आई मुलाच्या मनाला वळण लावत राहते. कर्ज तेथे संकटासारखे येते. प्रश्न असतो तो त्यापुढे माणसाने ताठ कसे राहावे, हा. ‘दो बिघा जमीन’मधला शंभू महतोही स्वाभिमानीच आहे. परंतु येथे चित्रपट कर्जाच्या मुळाशी जातो. जमीनदाराला गिरणीसाठी जागा हवी आहे आणि मध्ये शंभूचा तुकडा आहे. शंभूच्या समजुतीप्रमाणे देणे पासष्ट रुपयांचे. कागद मात्र दोनशे पस्तीस रुपये सांगतो. न्यायालय तीन महिन्यांची मुदत देते. तुमच्यापैकी अनेकांनी सातबाऱ्याचा उतारा किंवा पतपेढीचा कागद दहादा वाचून मग सही केली असेल. त्यांना हे दृश्य समजावून सांगण्याची गरज नाही.

मग कोलकाता आणि हातरिक्षा. शंभूची भूमिका करणारे बलराज साहनी लाहोरला इंग्रजी साहित्य शिकलेले, शांतिनिकेतनात अध्यापन केलेले, लंडनच्या बीबीसीत काम केलेले गृहस्थ. असा मनुष्य रिक्षाच्या दांड्यांमध्ये उभा राहतो आणि त्याच्या पाठीच्या बाकातून शेतकरी दिसतो. रिक्षांच्या शर्यतीचा प्रसंग मला सर्वांत भयंकर वाटतो. गाडीत बसलेल्यांसाठी तो खेळ असतो, पैसे वाढवत नेण्याचा. ओढणाऱ्यासाठी प्रत्येक वाढीव नाणे म्हणजे जमिनीचा आणखी एक वीतभर तुकडा. चाक निखळते तेव्हा पार्श्वसंगीताची मदत न घेताही छातीत धस्स होते. शेवटी आपल्या शेताच्या जागी उभ्या राहिलेल्या गिरणीपाशी शंभू मूठभर माती उचलतो, तीही रखवालदार त्याला टाकायला लावतो. कोणी भाषण करीत नाही. बिमलदांनी १९५२ च्या मुंबईतील आंतरराष्ट्रीय महोत्सवात इटलीचा ‘बायसिकल थीव्ज’ पाहिला होता. त्याचा प्रभाव येथे उघड आहे, पण ही माती उसनी नाही.

कोणी म्हणेल, की आईच्या मायेची तुलना जमिनीच्या तुकड्याशी कशी करावी? आक्षेप रास्त आहे. ‘श्यामची आई’त अभिनयही उणा नाही. ‘सिकंदर’ची देखणी नायिका वनमाला येथे एका खंगत जाणाऱ्या गृहिणीत पूर्णपणे विरून जाते आणि माधव वझे यांचा श्याम कोठेही बालनटासारखा वागत नाही. तरीही श्यामची आई मला सोसायला शिकवते; शंभू मला विचारायला लावतो, की हे सोसणे कोणाच्या सोयीचे आहे. वय वाढले तसा मला हा दुसरा प्रश्न अधिक निकडीचा वाटू लागला.

तिसरे स्थान मी ‘परिणीता’ला देतो, तोही बिमलदांचाच आणि त्याच सालचा. ‘अनारकली’ला केवळ सी. रामचंद्र यांच्या चालींसाठी यादीत घ्यावे, असा मोह होतो. पण गाणी ऐकायला चित्रपट पाहावाच लागतो असे नाही.

माझ्या आईला मी ही यादी कधी दाखवली नाही. तिने ती पाहिली असती, तर दुसऱ्या क्रमांकावर बोट ठेवून ती बराच वेळ काही बोलली नसती.