पाचवा छर्रा

इंटर-हाउस स्पर्धेत 10 मीटर एअर रायफलमध्ये आमचे हाउस थोडक्यात हरले. माझे शेवटचे छर्रे भरकटले होते. सरांनी कारण विचारले तेव्हा मी म्हणालो, "सर, छर्रे हलके होते." छर्ऱ्यांचा डबा सांभाळणारा आठवीतला कॅडेट शेजारीच उभा होता. "बघून का नाही आणले?" म्हणून बोलणी त्याला बसली. मी गप्प राहिलो.

दिवाळीच्या सुट्टीत रायपूरला घरी गेलो, तो माझे म्हणणे सिद्ध करायचे ठरवूनच. काकांकडे .177 ची स्प्रिंगवाली एअर रायफल आहे. त्यांनी तीन प्रकारचे छर्रे आणले. सदर बाजारात ओळखीच्या सराफाच्या काट्यावर आम्ही ते तोलले: 0.49, 0.53 आणि 0.67 ग्रॅम. पहिला शाळेतल्यासारखा. मधला रायफलच्या स्पर्धेत सर्रास वापरतात. सराफाच्या भाषेत जेमतेम साडेचार गुंजा!

परसातल्या विटांच्या भिंतीपुढे मातीची पोती रचली, बरोबर 10 मीटर मोजले. काका म्हणाले, "छर्रा मी भरणार. कोणता ते तुला सांगणार नाही." प्रत्येक वजनाची तीन कार्डे, प्रत्येक कार्डावर पाच छर्रे.

संध्याकाळी कार्डे ओसरीवर मांडली. वजनाचा फरक स्पष्ट दिसत होता. जड छर्रा हळू जातो, त्यामुळे त्याला खाली यायला जास्त वेळ मिळतो. त्याचे ग्रुपिंग सुमारे अर्धा सेंटिमीटर खाली होते. पण ते साइट फिरवून सुधारता येते. मधल्या छर्ऱ्याचे ग्रुपिंग सर्वांत घट्ट होते, हलक्याचे किंचित सैल. प्रत्येक नळीला एखादा छर्रा जास्त मानवतो. म्हणूनच 50 मीटरचे नेमबाज, ज्या प्रकारात कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले, नळी पक्की आवळून गोळ्यांचे वेगवेगळे लॉट तपासतात. माणसाची चूक त्यात मिसळू नये, हा हेतू.

माझ्या कार्डांत ती मिसळलेली होतीच. नऊपैकी सात कार्डांवर चार छिद्रे जवळजवळ आणि एक दूर, वर. वजन कोणतेही असो.

"हा प्रत्येक वेळी पाचवाच आहे," काका म्हणाले. "मी बघत होतो. शेवटचा छर्रा नळीतून सुटायच्या आतच तू कार्ड बघायला दस्त्यावरून गाल उचलतोस. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा सुटण्याआधीच धक्का बसतो. तिथे एवढी घाई पुरते."

मी हात धुतले (छर्रे शिशाचे असतात, हे विसरू नये) आणि बराच वेळ कार्डांकडे बघत बसलो. हलक्या छर्ऱ्याने माझा एखादा गुण गेला असेल. बाकीचे मी घालवले होते, आणि बोलणी दुसऱ्याने खाल्ली होती.

सुट्टी संपल्यावर नऊही कार्डे घेऊन सरांकडे गेलो. त्या कॅडेटलाही बोलावून घेतले आणि दोघांसमोर खरे ते सांगितले. सर एवढेच म्हणाले, "हे त्याच दिवशी सांगायला हवे होते." तो मुलगा मात्र कार्डे निरखत होता. "दादा, माझाही पाचवाच जातो," तो हळूच म्हणाला.

आता रविवारी आम्ही दोघे एकत्र सराव करतो. एकाने पाचवा छर्रा सोडला की दुसरा मोठ्याने तीनपर्यंत मोजतो. तोवर गाल दस्त्यावरच.