पारडी बदलून पाहिलीस का?

निवृत्त माणसाला उपदेशाची खोड जडते आणि घरातली तरुण मंडळी ती सोसून घेतात. गेल्या चैत्रात मात्र माझ्या तोंडून उपदेश गेला नाही. नोकरीतला एक जुना प्रश्न गेला. तो पुतणीच्या कामी आला आणि मला रात्रभर जागवून गेला.

पुतणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या इंदूरच्या घराच्या माडीवर संगणक मांडून ती ‘रिंग ऑसिलेटर’ नावाचे विद्युत्-मंडल अभ्यासत होती. मी कला शाखेचा पदवीधर; पण तिने समजावले ते समजले. ‘हो’ ऐकले की ‘नाही’ म्हणणारे आणि ‘नाही’ ऐकले की ‘हो’ म्हणणारे पाच घटक गोलाकार जोडायचे. पाच ही विषम संख्या, म्हणून त्यांचे एकमत कधीच होत नाही आणि ‘हो-नाही’ची लाट फिरत राहते. (एखाद्या मंडळाची कार्यकारिणी वाचकांना आठवली, तर दोष माझा नाही.) प्रत्येक घटकाला उत्तर द्यायला एक नॅनोसेकंद लागला, तर लाटेचे दोन फेरे होऊन एक आवर्तन पुरे व्हायला दहा नॅनोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला दहा कोटी आवर्तने. विद्युत्-दाब उतरला की घटक मंदावतात, आणि सहसा तापमान चढले तरीही. ही वारंवारता किती ढळते, हे तिला मोजायचे होते.

मंडल प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हते. ते होते ‘स्पाइस’ या संगणकीय प्रणालीत. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत, प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लॉरेन्स नेगल यांनी ती रचली आणि १९७३ मध्ये ती जगापुढे आली. तिच्या वंशातल्या प्रणाली आजही जगभर वापरात आहेत. वेगळे काही सांगितले नाही, तर ती तापमान २७ अंश धरून चालते. आमच्या मे महिन्याशी तिचा परिचय नसावा!

तिची आणखी एक गंमत मला फार आवडली. खरे मंडल चालू केले की आपोआप थरथरू लागते, कारण निसर्गात बारीकसा गोंगाट सतत असतो. प्रणालीच्या साध्या गणितात तो गोंगाट नाही. त्यामुळे पाचही घटक ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या बरोबर मध्यावर अडून निश्चल बसू शकतात. आरंभीची स्थिती मुद्दाम बिघडवून त्यांना धक्का द्यावा लागतो. पुढची काही आवर्तने घडी बसण्यात जातात; ती मोजणीतून वगळायची. मग तरंग चढताना मधली रेषा ज्या क्षणी ओलांडतो, ते क्षण टिपायचे. लागोपाठच्या दोन क्षणांमधले अंतर म्हणजे आवर्तकाल. शंभर आवर्तनांची सरासरी काढली तर वारंवारता नेमकी कळते. पण आवर्तनागणिक होणारा चढउतार त्या सरासरीत बुडून जातो. पुतणीला नेमका तो चढउतारच हवा होता.

आणि तो तिला सापडला. दाब स्थिर, तापमान स्थिर, तरी प्रत्येक आवर्तन आधीच्याहून किंचित लहान किंवा मोठे. तिने आलेख काढला, मंडलाचा दोष म्हणून वहीत नोंदवला आणि मोठ्या उत्साहाने मला दाखवला. मी सहज विचारले, “अगं, पारडी बदलून पाहिलीस का?”

“म्हणजे काय, काका?”

वजनेमापे तपासण्यात माझी उभी नोकरी गेली. तराजूच्या दांडीची एक बाजू कणभर लांब असेल, तर वजन खरे असूनही खोटे दिसते. म्हणून एकदा तोलायचे, मग मालाची आणि प्रमाणाची पारडी आपसांत बदलून पुन्हा तोलायचे. दोष वजनाचा असेल तर तो वजनामागे दुसऱ्या पारड्यात जातो. तराजूचा असेल तर जागच्या जागी राहतो.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, की प्रणाली काळ सलग मोजत नाही, पावलापावलाने पुढे सरकते, आणि दोन पावलांच्या मध्ये पडलेला क्षण अंदाजाने ठरतो. तिने पावलाची कमाल मर्यादा दहापट लहान केली. गणिताला बराच वेळ लागला. तेवढ्यात आमचा चहा झाला. नवा आलेख पाहिला तर चढउतार जवळजवळ नाहीसा! सरासरी मात्र होती तिथेच. मंडल निर्दोष होते; डळमळत होता तो मोजणारा. मग तिने विद्युत्-दाबावरच मुद्दाम बारीक लहर घातली. त्या लहरीने आलेला चढउतार पाऊल कितीही लहान केले तरी हटेना. तो खरा.

“काका, तुम्ही नेहमी पारडी बदलत होतात?” तिने विचारले. मी “हो” म्हणालो. ते खोटे होते.

१९९१ साली माळव्यातल्या एका बाजाराच्या गावी (गावाचे नाव लिहीत नाही) एका धान्यव्यापाऱ्याची पाच किलोची वजने मी तपासली. बाजार उठायला आला होता, जीप परतायची घाई करीत होती. पंधरा ग्रॅमची तूट दिसली. पारडी न बदलताच मी पंचनामा केला आणि चारचौघांदेखत वजने जप्त केली. तीन आठवड्यांनी मुख्यालयात तीच वजने पुरी भरली. कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी आमच्याच तराजूची धार सरकली होती. प्रकरण मिटले, मला समज मिळाली, तीही तोंडी.

वजने परत करायला मी स्वतः गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हते. त्या वृद्ध गृहस्थांनी पावतीवर सही केली, वजने एकेक उचलून फडक्याने पुसली आणि चहा घेणार का, असे विचारले. मी थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माडीवर जाऊन पुतणीला हे सारे सांगितले. तिने ऐकून घेतले, वहीतली आदल्या दिवशीची नोंद खोडली आणि कडेला तारीख घातली.