स्नेअर कुठे पडतो

माझ्याकडे बीट बनवायला शिकायला आलेलं प्रत्येक पोर पहिल्याच दिवशी विचारतं, ‘दादा, हिप-हॉपची बीट आणि रॅपची बीट, यांत फरक काय?’

डीजे कूल हर्क 1973 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आळीपाळीने फिरवून ड्रमचा तेवढाच तुकडा लांबवत न्यायचा, तो नाचणाऱ्यांसाठी. माझ्या लेखी हिप-हॉपची बीट ती, एकटी उभी राहणारी. रॅपची बीट गळ्याला जागा सोडून वाजते. एकच तबलजी सोलो वाजवतो आणि गाण्याच्या साथीलाही बसतो, पण हात वेगळा पडतो ना, तसं.

ही जागा प्रत्येक शहराने आपापल्या परीने सोडली. न्यूयॉर्कचं बूम बॅप मिनिटाला 90 मात्रांच्या आसपास चालतं, स्नेअर ड्रम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. बूम बॅपचा खरखरीत आवाज मला फार प्रिय आहे आणि तो अडचणीतून आला. 1987 च्या एसपी-1200 सॅम्पलरमध्ये जेमतेम 10 सेकंदांचा आवाज मावायचा. म्हणून 33 च्या वेगाची रेकॉर्ड 45 वर पळवून आत घ्यायची आणि मशीनमध्ये पुन्हा संथ करायची. त्यात आवाजाला जो रवाळपणा यायचा, तो आज आम्ही प्लगइन लावून शोधतो. ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूने तयार गाणीच मंद करून टाकली. अटलांटाच्या ट्रॅपमध्ये मशीन 140 दाखवतं, पण स्नेअर फक्त तिसऱ्या मात्रेवर पडतो, म्हणून मान 70 वर डोलते. वर हाय-हॅटची भिरभिर, खाली सुरात लावलेली 808 ड्रम मशीनची किक. तीच बेसचं काम करते.

मागच्या पावसाळ्यात एका मराठी रॅपर पोरासाठी मी बूम बॅप केलं. आपली वाक्यं क्रियापदावर संपतात. चौथ्या मात्रेच्या स्नेअरवर दर ओळीला ‘आहे’ नाहीतर ‘होतं’ आपटत होतं. शब्द त्याने जीव ओतून लिहिले होते, एकसुरी केले ते माझ्या बीटने. दोन रात्री मला ते उमगलं नाही.

तिसऱ्या रात्री त्याच ओळी ट्रॅपच्या ठेक्यावर मांडल्या. क्रियापद शेवटच्या मोकळ्या जागेत विरून गेलं आणि स्नेअरखाली आले ओळीच्या मधले शब्द : आई, नाला, पत्रा. डेट्रॉइटचा जे डिला एमपीसी या सॅम्पलरवर ड्रम बोटांनी वाजवायचा आणि सगळे ठोके मशीनच्या काटेकोर चौकटीत बसवायचा नाही. त्याची आठवण ठेवून मी ठोके चौकटीत ओढणारं क्वांटाइझ बंद केलं आणि स्नेअर हाताने वाजवला, केसभर उशिरा.

पोरगं पुन्हा माईकपुढे उभं राहिलं. या वेळी त्याने वही उघडली नाही.